चुनी नसलेली डाळ मिल

ती घटना आठवली की आजही बसल्या जागी माझी पाठ ताठ होते. नोकरीची शेवटची वर्षं मी अकोल्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत काढली. तिथं ना चाकू, ना रक्त, नुसते कागद. खुनाच्या तपासात मुरलेले माझे सहकारी मला चिडवायला ‘कारकून साहेब’ म्हणायचे. मीही हसायचो. पण या प्रकरणात जी झिंग चढली, ती दरोडेखोरांच्या मागे धावतानाही कधी चढली नव्हती.

एका सकाळी शहरातल्या एक डाळ मिलवाल्या बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून मिल त्याच चालवत होत्या. बोलणं रोखठोक, रडारड नाही. अकोल्यातल्याच एका मोठ्या मिलवाल्या शेठनं मूर्तिजापूरच्या बाजूला नवा कारखाना काढला होता. मागास भागात उद्योग यावा, पोरांना काम मिळावं, म्हणून तिथं बनलेल्या मालावरचा राज्याचा कर सरकार कारखानदाराला परत देत होतं. जुन्या मिलना ती सवलत नव्हती. त्यामुळे शेठची पिशवीबंद तूरडाळ इतकी स्वस्त झाली की बाईंचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. मध्य प्रदेशातला एक व्यापारी त्यांची यंत्रं उचलायला तयार होता. त्याचा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला की मिल संपली.

मी म्हणालो, ताई, सवलत कायदेशीर आहे. तो स्वस्त विकतो हा काही गुन्हा होत नाही.

“घेऊ द्या ना साहेब सवलत, मी काहून रडू? पण डाळ तिथं बनतच नाही. माह्या मिलमधले दोघं तिथं काम मागाले गेले, तर आत चिटपाखरू नव्हतं. मी इमानदारीनं कर भरून राहिली, अन् त्याच करातून सरकार त्याले पैसे देऊन राहिलं. म्हणजे मले माराची काठी मीच पुरवून राहिली.”

हे मला झोंबलं. प्राथमिक चौकशी लावली आणि कारखान्याचे कागद मागवले. वीजबिलं भरलेली, गाड्यांच्या वजनाच्या काटापावत्या जुळलेल्या, पाहणी अहवालावर सह्या. कुठं बोट ठेवायला जागा नाही. वरिष्ठांचं मत पडलं की धंद्यातली असूया आहे, अर्ज निकाली काढा. मी थोडी मुदत मागून घेतली आणि साध्या कपड्यांत आमच्या जमादारांना घेऊन कारखाना बघायला गेलो.

भिंतीपलीकडून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. फाटकातून ट्रक आत जात होते, बाहेर येत होते. सगळं चालू. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात टपरीवर दूध घालणारा गवळी आला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी शेतकऱ्याचा मुलगा. तूर भरडली की डाळीबरोबर टरफल आणि बारीक चुरा निघतो. त्याला आमच्याकडे चुनी म्हणतात. दुभत्या जनावराला चुनीसारखं खाणं नाही. वऱ्हाडात डाळ मिल चालू असेल तर फाटकाशी पोती घेऊन माणसं उभी असणारच. पूर्वी बैलगाड्या लागायच्या, आता दुचाकी लागतात. इथं कुत्रंही नव्हतं. गवळ्याला विचारलं, चुनी कुठून आणता? तो म्हणाला, अकोल्याहून. कारखान्याच्या भिंतीला खेटून त्याचा गोठा, आणि माणूस चुनीला अकोल्याला जातो. जमादार माझ्याकडे बघून म्हणाले, साहेब, चहा सांडून राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठला चौकशीला बोलावलं. सोबत हिशेबनीस, जाडजूड फायली, अंगाला अत्तर. माझा अनुभव असा की तयारी करून आलेल्या माणसाला तयारीतलं विचारू नये. मी त्याला बोलू दिलं. उत्पादन किती वाढलं, सरकारचं धोरण किती चांगलं, आपला भाग कसा पुढं जाणार, सगळं मन लावून ऐकलं. मग उठता उठता म्हणालो, आमच्या जमादारांकडे म्हैस आहे, तुमच्या नव्या कारखान्यातून दोन पोती चुनी विकत मिळेल का?

“हे काय विचारणं झालं साहेब? पायजे तेवढी.”

“मग आत्ताच जाऊ. गाडी उभीच आहे.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे विझले. उद्योग कार्यालयाचे अधिकारी आणि दोन पंच मी आधीच तयार ठेवले होते. वाटेत फोन त्याच्या हातात होता, पण शेजारी मी बसलो होतो. त्याला तो लावायची हिंमत झाली नाही.

आत गेलो आणि बघतच राहिलो. यंत्रं गरगर फिरत होती आणि त्यांत दाणा नव्हता. फुकट वीज जाळून बिलं तयार होत होती. कोपरान् कोपरा धुंडाळला. चुनीचं नाव नाही. शेवटी मी विचारलं, शेठ, चुनी कुठं आहे?

“आमची मशीन नवीन आहे साहेब. तिच्यातून चुनी निंगतच नाही.”

वऱ्हाडात जन्मलेला माणूस हे वाक्य बोलला! जमादारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मी म्हणालो, “शेठ, मशीन नवीन असंल. तुरीले साल तर जुनीच असते ना?”

तेवढ्यात फाटकात ट्रकचा हॉर्न वाजला. शेठच्याच अकोल्यातल्या जुन्या मिलमधून आलेला. ताडपत्री काढली तर आत तयार डाळीच्या पिशव्या, वर छापलेलं नाव या नव्या कारखान्याचं. ड्रायव्हरला काहीच ठाऊक नव्हतं. तो सरळ म्हणाला, रोजचंच आहे साहेब, इकडून आत जायचं, काटा करायचा, तिकडून बाहेर. पंचनाम्याचं चित्रीकरण चालू होतं. आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. वर्दीची लाज म्हणून गप्प राहिलो.

तपासातली माहिती बाहेर सांगायची नसते. पण यंत्रं घ्यायला व्यापारी त्याच दिवशी येणार, हे बाईंनी जमादारांना सांगितलं होतं. पंचनाम्यावर सह्या होताच मी बाईंना फोन लावला आणि तीनच शब्द बोललो.

“इसार घेऊ नका.”

पलीकडे बाई समोरच्या व्यापाऱ्याला चहा पिऊन निघा म्हणाल्याचं ऐकू आलं.

गुन्हा दाखल झाला, सवलत थांबली, वसुली लागली. खोटी सवलत लाटणारा सरकारला बुडवतो असं आपण सहज म्हणून जातो, जणू सरकार कुणी लांबचं सोयरं आहे. त्या दिवशी मला कळलं की पहिला बुडतो तो शेजारचा प्रामाणिक धंदेवाला. आणि ज्या पोरांच्या नावानं तिजोरी उघडली होती, ती तर अजून कामासाठी पुण्याच्या गाडीतच बसत होती.

बाई जबाब द्यायला आल्या, तेव्हा मी सुचवलं की आता तुम्हीही तिकडं नवा कारखाना काढून सवलतीसाठी अर्ज करा. त्या खुर्चीवरून उठल्या.

“मले काही नको साहेब. त्याच्याच बाजारात मी डाळ विकून दाखवतो. फक्त त्याच्या खिशात माहा पैसा नको.”

आणि त्यांनी विकून दाखवली.