काकांचा चुंबक

इलेक्ट्रॉनची बाजू घेऊन बायकोशी भांडणारा माणूस जगात एकच असेल, आणि मी त्याच्याकडेच भाड्यानं राहिलो. खालापुरातले आमचे घरमालक काका मूळचे पोशीरचे. आयुष्य कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून गेलं. निवृत्त होताना तिथल्या सरांनी त्यांना घोड्याच्या नालेच्या आकाराचा जुना पोलादी चुंबक दिला. दोरी बांधून तो ते रोज सकाळी रस्त्यावरून कुत्र्यासारखा फिरवत आणि टायर फाडणारे खिळे गोळा करत. एकदा तर घोड्यांच्या नालांचे खिळे वेचायला माथेरान चढले. काकू म्हणायच्या, "लोकं हवा खायला जातात, आमचं ध्यान खिळे खायला!"

मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, इथं ग्रीलच्या दुकानात वेल्डिंग करणारा. आल्या आल्या तापानं पडलो, तेव्हा काकूंनी पेज भरवली आणि काकांनी उशाशी बसून विज्ञान. "प्रत्येक इलेक्ट्रॉन जात्याच बारका चुंबक हाय. गरगरतो म्हणून नाय हां, स्वभावच तो. दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की ते आपोआप अंतर राखतात, मग ढकलाढकली कमी. म्हणून लोखंडात शेजारी शेजारी एकाच बाजूला बघतात. लाल होईस्तोवर तापवलं की बिनसलं! कळलं का रं?"

"कळलं, काका."

काही कळलं नव्हतं. पण नाही म्हटलं तर अडाणी ठरू, ही धास्ती. वर्षभर मी असाच मान हलवत राहिलो.

चुंबकावरून दोरी सारखी निसटायची. उपकारांची थोडी उतराई व्हावी म्हणून मी तो गुपचूप दुकानात नेला, गॅसवर लालभडक केला, झकास कडी बसवली आणि वर रंग मारला. काकांना वाटलं, कडी नुसती आवळून बसवलीय. दुसऱ्या दिवशी काका नाक्यावरून रिकामे परतले. पानवाला ओरडला, "काका, कुत्रं आज उपाशी?" तेव्हा मला काकांचं 'तापवलं की बिनसलं' आठवलं.

"माझ्याच हातून कुठं आपटला असंल," काका म्हणत राहिले. चार दिवस ते ऐकत मी त्यांच्या ताटाशेजारी जेवलो. पाचव्या दिवशी ताट बाजूला सारलं.

"काका, मी तापवला. मला काहीच कळलं नव्हतं. कधीच."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मंग मी काय भिंतीला शिकवत होतो?"

आतून काकू म्हणाल्या, "भिंत निदान मान तरी हलवत नाय."

मी मनात बोचकं बांधलं होतं. काकांनी मात्र चुंबकाला तांब्याची तार गुंडाळली आणि स्कूटरची बॅटरी क्षणभर जोडली. "इलेक्ट्रॉनचा स्वभाव कुठं गेला नाय रं. घोळके भलतीकडं तोंडं करून बसलेत, त्यांना वळवायचं." आणि शिकवणी पहिल्यापासून सुरू.

आता काकांचे गुडघे चालत नाहीत. सकाळी चुंबक मी फिरवतो. तो पूर्वीसारखा ओढत नाही. बारीक खिळे येतात, मोठे रस्त्यावरच राहतात. ते मी वाकून हातानं उचलतो, आणि घरी आल्यावर काकांना तसं सांगतोही.