कोणती दोरी हलकी पडली

नल्लकुंट्यात आमच्या हणमंतरावांचं नाव निघालं की लोक म्हणतात, काय शौकीन माणूस आहे बघा, रिटायर झाल्यावर ट्राउट मासा धरायला शिकला. हौ, शिकला. पण कुणाच्या जिवावर शिकला ते मला विचारा. मी त्यांची बायको, भामा. माझं माहेर बेगम बाजारचं, वडील तिथं मिरचीच्या आडतीवर मुनीम होते. त्या बाजारात तोंड चालवल्याशिवाय पोरं मोठी होत नाहीत, तेव्हा मला मध्येच टोकू नका.

हे रेल्वेत होते, सिकंदराबादच्या ऑफिसात. दरसाल फुकटचे पास मिळायचे. त्या पासावर आम्ही कुठं गेलो? उदगीरला, ह्यांच्या भावकीतल्या लग्नांना अन् मयतींना. माझी हौस एकच होती. पहाडातली थंड नदी बघायची अन् भर उन्हाळ्यात तिच्यात पाय सोडून बसायचं. रिटायर झालो की नेतो, नेतो म्हणता म्हणता माझे गुडघे दुखायला लागले.

मग ह्यांना ट्राउटचं, म्हणजे पहाडी थंड नदीतल्या त्या माशाचं, खूळ लागलं. शहराबाहेरच्या तलावावर रविवारी काही जण गळ फेकायचा सराव करतात, सगळे पुण्याकडचे, सॉफ्टवेअरमधले. त्यातल्या आदित्यशी ह्यांची गट्टी जमली. ही मंडळी हिमाचलात जातात, मासा धरतात, फोटो काढतात अन् परत पाण्यात सोडतात. मी म्हणलं, खायचा नाही तर त्या जिवाला परेशान कशाला करायचं? ह्यांनी असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. पण मग म्हणाले, "या एप्रिलला हिमाचल. तुला घेऊनच जाणार." बस, मी सगळं खूळ माफ करून टाकलं.

काठी आली, दोरी गुंडाळायची चक्री आली, पण दोरी काही ठरेना. सगळी मेख दोरीतच असते म्हणे. गळाला पिसांची नकली माशी बांधतात, तिला वजनच नसतं. दोरीच्या वजनानं ती पुढं जाते. अन् ट्राउट लई भित्रा, दोरी पाण्यावर थपकन पडली की पळालाच. म्हणून दोरी काठीला जुळणाऱ्या नंबराची पाहिजे, तरंगणारी पाहिजे, वर हलकी पडणारी पाहिजे. जेवताना दुसरं बोलणंच नव्हतं, त्यामुळं हे सगळं मलाही पाठ झालं. मला साडी निवडायला जरा वेळ लागला तर हा माणूस दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा, अन् एका दोरीपायी ह्यानं अख्खा हिवाळा घालवला.

शेवटी आदित्य अन् त्याची बायको रसिका दोन दोऱ्या घेऊन आमच्या घरी आले. दोन्ही तरंगणाऱ्या, दोन्ही एकाच नंबरच्या. एक तोंडाशी जाड होती, ती लांब जायची. दुसरी टोकाकडं हळूहळू बारीक होत गेलेली. काकांनी दोन्ही वापरून बघाव्यात अन् मग आपली विकत घ्यावी, असं ठरलं. गच्चीवर गेलो. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला. पाण्यानं भरलेली परात घेऊन मी पलीकडच्या टोकाला, टाकीजवळ बसले, अन् हे अलीकडून फेकायला लागले.

पहिली दोरी सरळ टाकीवर गेली, तर हे किल्ला जिंकल्यासारखे आमच्याकडं बघायला लागले. दुसरी कशीबशी परातीपर्यंत यायची. पण मी डोळे मिटून ऐकायले होते. पहिली पडली की थप्प व्हायचं. दुसरी कधी आली ते डोळे उघडल्यावरच कळायचं. मी म्हणलं, लांब गेली म्हणून काय झालं, आवाज करायली ना ती. आदित्य म्हणाला, काकू बरोबर सांगतायत, तिथली नदी अरुंद आहे, लांब फेकायचंच नाही. दुसरी दोरी पक्की झाली. खोटं कशाला बोलू, मला लई अभिमान वाटला. नदीकडं अर्धा रस्ता मी स्वतःच चालून गेले, असंच वाटलं.

खाली आल्यावर बगारा बैंगन अन् भाकरी वाढली. रसिका उभीच होती, तर मी म्हणलं, "बस की गं, खामोखा उभी का राहायलीस?" ती हसायला लागली. काकू परत म्हणा ना, म्हणाली, किती गोड. मी परत म्हणलं. मग बेगम बाजारातल्या गोष्टी सांगितल्या, आडतीवर भांडणं कशी व्हायची त्याची नक्कल केली. दोघंही पोट धरून हसले. हे मात्र ताटातून मान वर करेनात. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, खामोखा म्हणू नये, उगाच म्हणावं. मला वाटलं, मस्करी करायलेत.

एप्रिल आला. निघायच्या आठवडाभर आधी ह्यांनी सांगितलं, यंदा बायका कुणी येत नाहीत, सगळे पुरुषच आहेत, तंबूत राहायचंय, तुला पुढच्या वर्षी नेतो. माझ्यासाठी आणलेले लोकरीचे मोजे मीच ह्यांच्या बॅगेत घातले. ह्यांनी कधी खोटं बोलल्याचं मला माहीतच नव्हतं.

हे तिकडं पोचल्यावर रसिकानं मला फोनवर फोटो पाठवला. नदीकाठच्या दगडावर आदित्यची आई, मंगलाताई. वयानं माझ्यापेक्षा थोरली. साडी पोटरीपर्यंत वर धरून पाय पाण्यात सोडून बसलेली. शेजारी रसिका. अन् मागं आमचे हे, हातात काठी, तोंडभर हसायलेत. खाली रसिकानं लिहिलं होतं, "काकू, तुम्ही हव्या होतात. काका म्हणाले तुम्हाला थंडी अजिबात सोसत नाही." मी तो फोटो मोठा करून करून बघितला. पाणी काचेसारखं होतं, तळाचे गोटे मोजता आले असते.

हे परत आले, नाक उन्हानं सोललेलं. दोरी कशी अलगद पडली, मासा कसा फसला, ते सांगायला लागले. मी जेवू दिलं. ताट उचललं अन् फोन समोर ठेवला.

ह्यांनी फोटो बघून फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "भामा, तिथं सगळे शिकलेले लोक असतात. तू तोंड उघडलंस की ते हसतात. मला लाज वाटते."

रागात मी लई काही सुनावणार होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणलं, "ते हसायले तेव्हा मला वाटलं, मी त्यांना आवडले."

हे उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रसिकाचा फोन आला. पुढच्या वर्षी काहीही झालं तरी तुम्हाला नेणार, येणार ना, असं तिनं प्रेमानं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, ते मला कळतं. माझं उत्तर तयार होतं, हौ, येते. पण ते कसं बोलायचं, कोणता शब्द बरोबर अन् कोणता हसायचा, ते मला ठरवताच येईना. पलीकडून ती, काकू ऐकू येतंय ना, असं विचारत राहिली. मी फोन ठेवून दिला.