रिकाम्या पारड्यांचा पासंग

राज्याचे दोन भाग व्हायचे होते, त्या वर्षी आमच्या कॉलेजात चर्चा दोनच: उद्या बंद आहे का, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीत कोडी कोणती विचारतात. बंदमुळे माझी मुलाखत दोनदा पुढे गेली. मला बरंच वाटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, घरी विचारायचं कुणाला? तारनाक्याला राहणाऱ्या मैत्रिणीनं वहीत कोडी उतरवून आणली होती. ती पाठ करायची आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करायचा, ही तिची शिकवण. चेहरा काही मला जमेना.

"कायकू ऐसा मुंह करतेस? दात काढायला आल्यासारखी दिसतेस," ती म्हणायची.

शेवटी मुलाखत झाली. समोर दोन साहेब. थोरल्यांनी विचारलं, "आठ गोळ्या, दिसायला सारख्या, एक जड. तराजू दोनदाच वापरून ती शोधा."

वहीतलंच कोडं! पण तराजू म्हटल्यावर तोंडून भलतंच निघालं. "सर, आधी रिकामी पारडी बघू. पासंग असला तर?" पासंगाला इंग्रजी शब्द आठवेना, तो तसाच बोलले.

माझे बाबा बेगम बाजारात एका दुकानात मिरची-हळद तोलायचे. रिकामी पारडी सारखी राहतात का, हे पाहिल्याशिवाय ते मालाला हात लावत नसत. एक झुकलं, म्हणजे पासंग असला, तर दुसऱ्याला खडा बांधायचे.

"तराजू बरोबर आहे," थोरले म्हणाले.

"कुणी बघितला, सर?"

धाकटे खोकल्यासारखं हसले. "मग एक वेळ त्यात गेली. उरली एकच."

"नाही सर, रिकामं तोलणं कुणी मोजत नाही."

बोलून गेले. गेली नोकरी! घाईघाईनं सांगून टाकलं: तीन इकडे, तीन तिकडे, दोन बाहेर...

"ते सगळेच सांगतात," थोरल्यांनी थांबवलं. "प्रोग्रॅम लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तपासणारं माणूस हवंय. टेस्टिंगमध्ये याल?"

माझा अर्ज प्रोग्रॅम लिहिण्याच्या जागेसाठी होता. टेस्टिंगला आमच्या वर्गात कुणी विचारत नसे. मी वेळ मागितला. बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं मिळाली. मग मी दार ढकललं.

"सर, चूक सापडली तर ज्याची असेल त्याला तोंडावर सांगायची?"

"रोज."

"भीती वाटेल," मी म्हणाले, "पण सांगेन."

थोरल्यांनी नेमणुकीचा कागद सहीसाठी पुढे सरकवला.