उड्यांचा गेम आणि आमची इज्जत

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस मी आहे. एका रविवारी तर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी एकशे बारा वेळा मेलो. (आकडा माझा नाही. बायको मोजत होती, आणि तिला त्यात आनंद वाटत होता असा माझा संशय आहे.)

याला कारण माझंच तोंड. मी सीमाभागातल्या वडगावात राहतो, हायस्कुलात भूगोल शिकवतो. लहानपणी शहापुरात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. तिथल्या उड्या मारत पुढं जायच्या गेममध्ये मी शेवटच्या स्टेजला पोचलो होतो, असं मी गेली पस्तीस वर्षं सांगत आलोय. लग्नात बायकोला सांगितलं. बारशात लेकीला सांगितलं. (तिनं ऐकून दूध ओकलं.)

अडचण एकच. निपाणीचे आमचे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे यजमान, तेव्हा शेजारच्या गल्लीत राहायचे आणि त्याच दुकानात यायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या स्टेजला ते पोचले होते आणि मी नुसता त्यांच्या खांद्यावरून बघत होतो! पुढं ते आमचे जावई झाले, तरी वाद मिटला नाही. उलट तो आता सणासुदीला पंगतीत बसून, ताटात पोळी वाढून घेत होऊ लागला.

मला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा बेंगळुरात नोकरीला असलेल्या आमच्या लेकीनं, पिंकीनं, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल पाठवला. सोबत चिठ्ठी: 'पप्पा, आता खेळूनच दाखवा.' आणि हे तिनं घरच्या ग्रुपवरही टाकलं! लगेच दाजींचा फोन.

"काय मेव्हणं! पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आम्ही येतोय. समद्यांच्या म्होरं खेळायचं. हरंल त्यानं उभं राहून सांगायचं, मी आजवर थापा मारत आलतो म्हणून."

"कबूल!" मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातले सगळे घात या एका शब्दानं केलेत.)

आता गेम शोधायचा होता. पिंकी फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पायजे त्याला प्लॅटफॉर्मर म्हणत्यात. स्टोअरला जावा, तिथं ढीगभर असत्यात."

मी चपला घातल्या, पिशवी घेतली, स्कूटर काढली आणि बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्या पिशवीकडं बघत राहिला.

"प्लॅटफॉर्मर द्या. चांगल्यातला."

"सर, स्टोअर टीव्ही ओळगे इदे!" तो म्हणाला, आणि मला कन्नड येत असूनही समजत नाही असं वाटून त्यानं मराठीत सांगितलं, "स्टोअर टीव्हीच्या आत हाय, सर. घरी जावा."

रिकामी पिशवी बघून बायको म्हणाली, "कोथिंबीर तरी आणायची!"

टीव्हीतल्या स्टोअरात मी 'प्लॅटफॉर्म' एवढंच टाइप केलं, पहिला आलेला गेम उतरवला आणि सुरू केला. पडद्यावर रेल्वे स्टेशन! सिग्नल, शिट्टी, हमाल, सगळं. माझ्याकडं स्टेशनमास्तरची नोकरी.

खिडकीजवळच्या कॉटवर आई बसली होती. तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिनं चाळीस वर्षं हातमागावर साड्या विणल्या. गुडघे गेले, दोन वर्षांपूर्वी माग काढून टाकला, आणि त्या दिवसापासून आई गप्प झाली. दिवसभर पदराच्या काठावर बोटं चाळवत बसायची. कुणी काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाय". पण स्टेशन बघून ती बोलली.

"कुठली गाडी रं ही?"

"मिरजेची असंल."

"मग थांबीव की! म्हातारं माणूस चढायलंय, दिसंना काय तुला?"

आई बोलली या आनंदात मी दोन तास गाड्या सोडल्या. शेवटी बायकोनं विचारलं, "अहो, उड्या कधी मारायच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी पाच ताऱ्यांचा गेम निवडला. लोकांनी लिहिलं होतं, 'काळजाला हात घालतो.' घातला! हातात कंदील घेतलेली एकटी मुलगी, अंधारं रान, कुठून तरी रडण्याचा आवाज. आईनं तोंडाला पदर लावला.

"ह्या पोरीचं आईबाप कुठं मेल्यात?"

"आई, गेम हाय."

"असंना! लेकराला आदी घरला पोचीव."

मी तिला घरी पोचवायला निघालो आणि पहिल्याच विहिरीत घातली. आई दुपारी जेवली नाही. संध्याकाळी बायकोनं गेम पुसून टाकला आणि आईला सांगितलं, त्या पोरीचा मामा येऊन तिला घेऊन गेला.

मग मी माझ्या लायकीचा गेम घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'फक्त तरबेज खेळाडूंसाठी.' एकशे बारा मरणं ती याच गेममधली. काटे, करवती, आगीचे गोळे. आणि मेलं की पार पहिल्यापासून सुरुवात! मी आधी कंट्रोलर ढिला आहे म्हणालो, मग चष्म्याचा नंबर, मग लाइटचा दाब. एकशे बाराव्या वेळी मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला. तो उडाला आणि सांबाराच्या पातेल्यात पडता पडता वाचला. (त्या दिवशीची एकमेव बरोबर बसलेली उडी!)

"आण हिकडं," आई म्हणाली.

मला वाटलं ती कंट्रोलर कपाटात ठेवणार. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"एक सांग. गेम घ्यायच्या आदी जरा खेळून बघता येतंय का न्हाय?"

"येतंय. काही गेमचा थोडा तुकडा फुकट असतोय."

"मग मुडद्या, चित्रं बघून कशाला घ्यालास? गिऱ्हाईक सुद्धा साडीला हात लावून बघतंय!"

त्या आठवड्यात मी शाळेतून आलो की आई तयार असायची. मी तुकडे उतरवायचे, तिनं तपासायचे. मला शेरे लिहायला वही दिली होती. तिच्या कसोट्या कडक होत्या.

"ह्यो नगं. बटण आता दाबलं, उडी उद्या मारतंय."

"ह्यो बी नगं. पाय कुठं पडंल तेच कळंना. फळीवर पडलं तरी घसरतंय."

आणि माझ्या एकशे बारा मरणांच्या गेमबद्दल ती म्हणाली, "मागावर सुताची तार तुटली तर तितंच जोडायची आसती. तार तुटली म्हणून सगळी साडी उसवाय लावणारा मालक कशाला पायजे?"

मी वहीत लिहिलं. पिंकीला फोटो पाठवला. तिचा उलटा मेसेज आला: 'पप्पा, इंटरनेटवर लोक एवढं चांगलं लिहीत न्हाईत. कुणी लिहिलं?' मी उत्तर दिलं, 'चर्चेतून आलं.'

सतरावा तुकडा एका करडाचा होता. गळ्यात घुंगरू, पाठीवर छोटी गाठोडी, आणि डोंगराच्या टोकावर राहणाऱ्या आपल्या आईकडं निघालेलं. उडी दाबली की उडी. पडलं तर दोन पावलं मागं. आईनं पाच मिनिटं खेळून बघितलं आणि म्हणाली, "हे चांगलं हाय. पोत बरा हाय."

ठरलेल्या रविवारी दाजी आणि आक्का निपाणीहून आले. दाजींनी बोटांना व्यायाम देत देत चहा घेतला. शेजारचे चार-पाच जण आले. पिंकी व्हिडिओ कॉलवर. बायकोनं शिरा केला होता. लग्नघरासारखा वास सुटला होता.

आधी दाजी बसले. तीन स्टेज झकास! मी घाम पुसला. चौथ्या स्टेजला हलत्या फळ्यांचा पूल होता, खाली दरी. दाजी पडले. परत पडले. "मेव्हणं, तुमच्या टीव्हीत गडबड हाय!" असं म्हणत अकरा वेळा पडले.

मग मी. मी चौथ्या स्टेजपर्यंत गेलोच नाही. पहिल्याच खड्ड्याशी करडू उभं राहून माझ्याकडं बघत होतं, आणि मी त्याच्याकडं.

"उडी मारा की पप्पा!" फोनमधून पिंकी ओरडली.

मारली. खड्ड्यात.

आक्कानं दोघांकडं बघून हात जोडले. "पस्तीस वर्षं आमी ह्या दोघांचं ऐकालोय!"

"सरका," आई कॉटवरून म्हणाली.

तिला सोफ्यावर आणलं. तिनं डोळ्यांसमोर कंट्रोलर धरला, पाय जमिनीवर टेकवले. आणि मग तो आवाज सुरू झाला. तिचा उजवा पाय फरशीवर पडायचा, मग डावा. खट्. खट्. मागाच्या पायाखालच्या फळ्या दाबायची तसाच! अंगठा पायाबरोबर चालत होता. हलती फळी यायच्या आधी तिचा पाय उठायचा, आणि करडू नेमकं तिथंच.

चौथी स्टेज गेली. पाचवी गेली. सहाव्या स्टेजला गिधाड आलं, तेव्हा शेजारणीनं डोळे मिटले. आई म्हणाली, "येऊ दे." गिधाड झेपावलं, करडानं त्याच्याच पाठीवरून उडी घेतली आणि पलीकडं! दाजी सोफ्याच्या हातावर चढून सासूला "मामी! मामी!" करत होते. मी शिऱ्याचा चमचा हवेत धरून उभा होतो.

शेवटच्या उडीला सगळ्यांनी श्वास धरला, आक्कानं माझा हात. खट्.

करडू डोंगरावर पोचलं. त्याची आई झोपडीतून बाहेर आली, त्याला चाटू लागली. घरात एवढा ओरडा झाला की मागच्या गल्लीतून दोघं काय झालं बघायला आले. पिंकी फोनमध्ये नाचत होती, नुसतं छत दिसत होतं. आणि आमची आई, जी दोन वर्षांत हसली नव्हती, ती पडद्याकडं बघून पोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"पोचलं गं बाई, लेकरू घरला!"

मग मी आणि दाजी उभे राहिलो आणि एका सुरात, सगळ्यांसमोर, पस्तीस वर्षांच्या थापा कबूल केल्या. कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे आईच्या पाया पडायला रांगेत होते. शेवटी आम्हीही रांगेत उभे राहिलो. दाजी माझ्या पुढं घुसले.

आता गल्लीतल्या बायका गेम घ्यायच्या आधी आईला विचारायला येतात. आई हात लावून बघते, पोत सांगते. परवा तिनं नवा गेम लावला, दोघांनी मिळून खेळायचा. दुसरा कंट्रोलर हातात घेऊन तिनं मला हाक मारली. माझं काळीज भरून आलं. शेवटी माझ्या आईला माझी गरज पडली! मी चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या, तिच्याशेजारी बसलो आणि हात पुढं केला.

आईनं तो कंट्रोलर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "चार्जिंगला लाव. आणि जाता जाता सूनबाईला सांग, चार्ज झालं की खेळाय ये."