नारळाची परीक्षा आणि कुसुमचं वावर

होळीनंतर विहिरीची जागा पाहायची आहे, पाणाड्या येणार आहे, तू ये, असा कुसुमचा निरोप आला. कुसुम माझी धाकटी बहीण. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. नरखेडजवळची संत्र्यांची बाग आता तीच सांभाळते. जुनी विहीर उन्हाळा धरत नाही. नवी झाली नाही तर झाडं वाळणार. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरणारा माणूस. जमिनीत पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. मी ऑफिसातून तीन दिवसांची रजा टाकली. खरं सांगायचं तर बहिणीसाठी कमी, त्या नारळाला खोटं पाडण्यासाठी जास्त.

कोणाला तिकडे जायचं असेल तर नागपूरहून सकाळची पहिली एस.टी. धरावी. भाडं पाच रुपयांच्या आत. काटोलपर्यंत रस्ता बरा, पुढे मात्र पाठीची परीक्षा. काटोलच्या स्टँडवर आलूबोंडा गरमागरम मिळतो, चहा पाकासारखा गोड. तिथे एक टोपलीवाली म्हातारी शेजारी येऊन बसली, तिला मी कशाला निघाले ते सांगितलं.

"पाणाड्या कोन? गोमाजी? मंग काई चिंता नाई वं. त्याचा नारळ खोटं बोलत नाई."

"आणि पाणी लागलं नाही तर?"

"तं मालकाचं काईतरी चुकलं असन."

अशा नारळाला हरवायचं तरी कसं, याचा विचार करत दुपारी गावात पोचले. ज्वारीची भाकर, झुणका आणि ओल्या मिरचीचा ठेचा तयार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी आला. साठीचा, अनवाणी, बोलायला मऊ. कोणाकडून पैसे घेत नाही. म्हणजे त्याला लबाड म्हणायची सोयसुद्धा उरली नाही. कुसुमचा दीर किसन आणि गावातले आठ-दहा जण जमले होते.

"बाई, तुमी धुऱ्याच्या भायेर बसा," गोमाजी कुसुमला म्हणाला. धुरा म्हणजे शेताचा बांध. विधवा आत असली की नारळ उभा राहत नाही, अशी समजूत. आणि कुसुम, जिने ही झाडं स्वतःच्या हातांनी लावली ती, मुकाट्याने उठली.

मी तिचा हात धरला. "काहून? तिला एकदा आत ठेवून पाहा. नाही उभा राहिला तर आम्ही दोघी बाहेर जाऊ."

"ताई, नागपूरची कोर्टकचेरी इथं नका चालवू," किसन म्हणाला.

गोमाजी मात्र हसला. "पाहू ना गा. मले बी कधी पाह्याले भेटलं नाई."

तो चालू लागला. जुन्या विहिरीपासून पन्नासेक पावलांवर नारळ डुलला आणि तळहातावर सरळ उभा राहिला. कुसुम आतच होती. तिच्या चेहऱ्यावर मी दोन वर्षांत पहिल्यांदा हसू पाहिलं.

तिथे मी थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही. "आता डोळे बांधून," म्हणाले. गोमाजीने स्वतःच आपला दुपट्टा डोळ्यांवर बांधला. आम्ही त्याला दोन गिरक्या दिल्या. नारळ पुन्हा उभा राहिला. पहिल्या खुणेपासून अठरा पावलं दूर.

"पाह्यलं?" किसन ओरडला. "वहिनी आत होती म्हनून फिरला नारळ!"

कुसुम हळूच म्हणाली, "ताई, पहिल्यावरच थांबली असती तं?"

पहिल्या परीक्षेत ज्या नारळाला मी बहिणीच्या बाजूने साक्षीला उभं केलं, दुसऱ्या परीक्षेत त्यालाच खोटं ठरवलं. सोयीचा पुरावा ठेवून गैरसोयीचा टाकता येत नाही. पण माझ्या खरेपणाची शिक्षा तिला होत होती.

मग कुसुमच पुढे झाली. "किसनभाऊजी, नारळ उभा राहो का लोळो, हे वावर माह्या माणसानं अन् मी लावलं. मी इथंच राहीन. ज्याले भायेर बसाचं आहे त्यानं बसावं." आणि तिने जागा दाखवली: पश्चिमेचा कोपरा, जिकडच्या शेजाऱ्यांच्या विहिरी जेठ महिन्यातही टिकतात.

गोमाजी दुपट्टा झटकत म्हणाला, "मले आजवर डोळे बांधाले कोनी सांगतलंच नवतं." मग त्याने नारळ फोडून सगळ्यांना वाटला. "खोटा असन, पन गोड हाय!" कोणीतरी म्हणालं. किसनही हसला; पण खोबरं त्याने घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी परतले. त्या कोपऱ्यातली विहीर अजून खोदून व्हायची आहे. बातमी येण्याआधीच मी हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मागाहून मत वळवता येणार नाही. पाणी लागलं म्हणून मी शहाणी ठरत नाही. एका विहिरीने काय सिद्ध होतं? कोरडी गेली तर आमचा अंदाज चुकला, हे मोकळेपणाने कबूल करीन. तेवढीच कबुली मी श्रद्धेकडूनही मागणार. 'इथे पाणी आहे' असं जी श्रद्धा म्हणते, तिला डोळे बांधून चालून दाखवावं लागेल. वाईट वाटो, राग येवो, मी हे मागतच राहणार.

चूक माझी एकच झाली. कुसुमने कुठे उभं राहायचं, हा प्रश्न मी नारळापुढे ठेवलाच कशाला? तो कोणापुढे ठेवायचा प्रश्नच नव्हता.