चातुर्मासातला लसणाचा वास

मैत्रिणींनो, दुपारी जरीपटक्याच्या डॉक्टरांकडून घरी आले, तेव्हापासून माझं कशातच मन लागून नाही राहिलं.

रेखा माझी धाकटी जाऊ. तिला थायरॉईड आहे. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो, तरी महिनाभर तिच्या तोंडाला लसणाचा वास. "चोरून खाऊन राहिली काय वं?" सासूबाई रोज टोमणा मारायच्या. मीही हसायची. शेवटी तिनं आमच्यासोबत जेवायला बसणंच सोडलं.

आज डॉक्टरांनी तिची ठिसूळ नखं पाहिली, विरळ झालेले केस पाहिले आणि विचारलं, "सेलेनियमच्या गोळ्या घेता का?"

"हो. आधी थायरॉईडसाठी एक घ्यायची, मग केस गळून राहिले म्हणून रोजच्या चार," ती म्हणाली. "ताईनं सांगितल्या होत्या."

सेलेनियम अंगात जास्त झालं होतं; केस त्या गोळ्यांनीच गळत होते. वासही त्यांचाच होता.

परतताना रिक्षात तिनं गोळ्यांची डबी पर्समधून काढून माझ्या हातात दिली.

ती ताई म्हणजे मी. याच ग्रुपवर मी त्या डबीचा फोटो टाकला होता: "थायरॉईडवर बेस्ट, बिनधास्त घ्या." खाली कितीतरी जणींनी "मागवली" लिहिलं होतं.

तुमच्यापैकी कोणकोण अजून घेते? मला शिव्या द्या, पण सांगा.