बामणोलीच्या पाण्यावर सुटलेला नांगर

"एक दिवस पाण्यावर काढीन. धड गेला तर तुमच्यासंगं समुद्रावर येईन. न्हाईतर होडी विकायची आणि विषय बंद." माझी बायको सुमन हिनं ही अट घातली आणि धरणाच्या पाण्यावर आमची बामणोलीची सहल ठरली.

होडी मी स्वतः बांधलीय, माधवनगरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये. एकवीस फुटी, शिडाची, आत दोघांना झोपता येईल अशी केबिन. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. होडी बांधायला कुणी शिकवलं नाही. पुस्तकं मागवली, डिक्शनरी घेऊन वाचली, लाकूड फुकट घालवलं, परत केलं. सांगलीत शिडाची होडी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. पण ज्यांच्या हातात मी काम दिलं, त्यांनी जे केलं त्याचं हसू मला अजून येत नाही. तुमच्यापैकी कुणी ट्रेलरवर होडी घालून तिकडे निघणार असेल, तर जेवणाखाण्याचं नंतर वाचा. नांगराचं आधी वाचा.

होडीचा नांगर तिच्या नाकावर, एका रोलरवर बसतो. दोन पोलादी पात्यांच्या मधे रोलर, त्यावर नांगराचा दांडा. तो तिथं दोन गोष्टींनी धरून ठेवायचा. एक, दोन्ही पात्यांतून आणि दांड्यातून आरपार जाणारी स्टेनलेसची पिन. दोन, दांड्यापासून डेकवरच्या खुंट्यापर्यंत ताणून बांधलेली दोरी. एक निकामी झालं तर दुसरं असावं म्हणून दोन. माझा नांगर दहा किलोचा. लाटेवर नाक आपटतं तेव्हा हे दहा किलो उडी मारायला बघतात.

पिन मी शिरवळच्या एका कारखान्यातून खास घडवून आणली होती. ती आणि मापाचा कागद रोलर बसवायला रफिकभाईच्या हातात दिला. रफिकभाईचं वर्कशॉप सांगलीत, ट्रॅक्टरमागचे रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. वेल्डिंग मात्र असं, की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. रोलर बसवून झाल्यावर मी बघितला. बोल्टाचं डोकं चकचकीत, नट घट्ट. पिनेऐवजी बोल्ट का, म्हणून विचारलं.

"पिन निसटंल, अण्णा. बोल्ट बरा," असं म्हणाला. मला वाटलं, बोल्टही स्टेनलेसचा असणार. चमकत होता ना!

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे निघालो. सांगली, आष्टा, पेठ नाका. या रस्त्याबद्दल बोललो तर हा लेख छापण्यालायक राहणार नाही. जिथं काँक्रीट झालंय तिथं ट्रेलर पळतो, आणि जिथं सुरू आहे तिथं वळणाचा बोर्ड वळण गेल्यावर लागतो. होडी ओढत असाल तर इथं घाई करू नका, दर थांब्याला पट्टे हातानं तपासा. पेठ नाक्याला हायवे लागला आणि जीव जागेवर आला. टोलनाक्यावर ट्रेलरवरून हमखास वाद होतो, तेवढा वेळ हातात ठेवा. पावती फाडायला आत बसलेला गडी बाहेर येऊन होडीभोवती फिरला आणि म्हणाला, "ह्यात जनावरं न्हेता व्हय?"

साताऱ्यात पोवई नाक्यापाशी संपत गाडीत चढला. संपत म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, म्हसवडचा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला. हात दणकट, मन मोठं, आणि तोंडाला लगाम नाही.

"दाजी, एवढं लाकूड घालवलं त्यात आमच्या गावाकडं बंगला झाला असता."

"बंगला तरंगतो का?"

"न्हाई, पर त्यात बायकू तरी ऱ्हाती!"

सुमन मागच्या सीटवर हसली. मी हसलो नाही.

यवतेश्वरचा घाट ट्रेलरसकट चढायचा तर सकाळी लवकर चढा. दहानंतर कासकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात, आणि ते लोक वळणावर थांबून फोटो काढतात. एकानं तर मला खालच्या गिअरमध्ये चढावर अडवून विचारलं, होडी भाड्यानं देता का. कासच्या पुढं एका घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. स्वस्त आणि झकास. पूर्ण प्रवासात जिथं मला नावं ठेवायला जागा मिळाली नाही असं ते एकच ठिकाण.

बामणोलीला होडी उतरवायला धड उतार नाही. परवानगी आधीच काढली होती, ती तुम्हीही काढाच. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रेलर हळूहळू पाण्यात सोडला. होडी तरंगली आणि क्षणभर मी सगळ्यांचे सगळे गुन्हे माफ केले. पाणी हिरवंगार, समोर डोंगर, वारा नुकता उठत होता.

मी शिडाच्या दोऱ्या ओवत होतो तेवढ्यात संपतनं नारळ काढला. नवं वाहन पाण्यात घालायचं तर पूजा पाहिजे, यात माझं दुमत नव्हतं. त्यानं नाकावर चढून नांगराला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा भलामोठा हार घातला. सुमननं हात जोडले. हार इतका जाड होता की नांगर दिसेना.

"बांधलंय ना परत सगळं?" मी मागूनच ओरडलो. पूजेसाठी त्यानं दोरी सोडलेली मी बघितली होती.

"फौजी माणसाला इचारताय व्हय? आवळून टाकलंय!"

निघालो. पहिला तास असा गेला की काय सांगू. इंजिन नाही, आवाज नाही, होडी एका कुशीवर कलून पाणी कापतेय. सुमन आधी दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. मग एका हातानं. मग केबिनमध्ये जाऊन तिनं स्टोव्हवर चहा ठेवला. एवढं झालं की मी जिंकलो होतो.

पुढं पाणी रुंद होतं तिथं दरीतून वारा सरळ येतो. लाटा उठल्या. नाक वर जाऊन आपटायला लागलं. होडीला याचं काही नाही, ती त्यासाठीच बांधलीय. चौथ्या-पाचव्या आपटीला पुढून 'टक्' असा आवाज आला. मग धाड. परत धाड. नांगर रोलरवरून खाली लोंबकळून होडीच्या नाकावर घणासारखा बडवत होता. मी "संपत, पुढं!" म्हणेपर्यंत नांगराला जोडलेली साखळी सुटली, साखळीमागं दोर सुटला, आणि नांगर तळाशी जाऊन कशात तरी रुतला.

पळत्या बैलगाडीचं एक चाक अचानक कुणी धरलं तर काय होईल? तसं झालं. होडी जागच्या जागी गरकन फिरली. शिडाचा आडवा वासा माझ्या डोक्यावरून सणकन गेला. केबिनच्या दारात सुमन चहाचं पातेलं घेऊन उभी होती. ती दारावर आदळली, आणि उकळता चहा तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत.

 

शिडं खाली घेतली. हातावर गार पाणी ओतत राहिलो. संपतनं दोर खेचून, शिव्या घालून नांगर मोकळा केला. नांगराबरोबर वर काय आलं? झेंडूचा हार, आणि दांड्याला अडकलेला सुतळीचा तुकडा.

"ही सुतळी कुठली?"

"नारळाच्या पोत्याची," संपत म्हणाला. "तुमची दोरी नवी कोरी हुती दाजी. हळद-कुकवानं खराब झाली असती. म्हणून गुंडाळून आत ठिवली."

माझी दोरी वाचली. खरंच आत होती. व्यवस्थित गुंडाळलेली, फौजी शिस्तीत.

मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.  शेवटी सुमनच म्हणाली, "त्याला काय बोलताय? हार बाजूला करून तुमी बघितलं का?"

माझा राग आणखी वाढला.

साताऱ्यात डॉक्टरांकडं पट्टी करून घेतली. पेढे घ्यायचे ठरले होते, घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगलीत शिरलो तो घरी न जाता सुमनला घेऊन थेट रफिकभाईच्या वर्कशॉपवर गेलो आणि पात्यांत अडकून राहिलेले तुटक्या बोल्टाचे दोन तुकडे त्याच्या टेबलावर आपटले.

"हा स्टेनलेस आहे?"

"न्हाई. मऊ लोखंडाचाच हाय, वर पॉलिश मारलीय," तो शांतपणे म्हणाला. "अण्णा, कडक पिन घातली आणि जोर आला तर पिन तुटत न्हाई, पाती फाटतात. तुमच्या होडीचं नाक फाटलं असतं. रोटाव्हेटरला आमी मऊ बोल्टच घालतो. दगड लागला की बोल्ट तुटतो, गिअरबॉक्स वाचतो."

"रोटाव्हेटरचा बोल्ट तुटला तर ट्रॅक्टर थांबतो, रफिकभाई! इथं तुटला तर दहा किलो लोखंड सुटतं!"

त्यानं बोल्टाचा एक तुकडा उचलला. मग सुमनचा पट्टी बांधलेला हात त्याला दिसला आणि तो खुर्चीतून उठलाच. "वहिनी, हे त्याच्यामुळं? या अल्ला." त्यानं ड्रॉवरमधून कापडात गुंडाळलेली शिरवळची पिन काढून माझ्या हातात दिली. "घ्या. लय कडक हाय, तुमच्यागत."

त्याला होडीचं नाक वाचवायचं होतं. संपतला दोरी वाचवायची होती. दोघांनीही माया करूनच केलं, हे मला कळतं. कळल्यानं राग जात नाही. मापाचा कागद दिला होता मी. त्या कागदावर पिन काढली होती, बोल्ट नाही. आणि हारामागं बघायचं काम माझं होतं, तेही कुठल्या तरी पुस्तकात लिहिलेलंच आहे, मी वाचलेलं.

नाकाला पडलेली खोक मी भरून घेतली. पिन बसवली. होडी विकायची जाहिरात लिहायला घेतली, दोनदा फाडली. सुमननं महिनाभर होडीचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. अट तिची होती, हरलो मी होतो.

मग एका रविवारी ती शेडमध्ये आली. ट्रेलरवर पाय देऊन नाकापाशी चढली आणि हात पुढं केला.

"द्या दोरी."

"कशाला?"

"दुसऱ्यानं बांधलेल्या गाठीच्या भरवशावर मी परत बसणार न्हाई. तुमच्या पण न्हाई. मी बांधीन. आणि बांधल्यावर कुणी हात लावायचा न्हाई, पूजा आसू दे न्हाईतर काय बी आसू दे."

मी पुस्तकातली गाठ दाखवली. तिनं एकदा बघितली, डाव्या हातावरच्या डागामुळं कातडी ताणत होती म्हणून उजव्यानंच दोरी फिरवली आणि भलतंच काहीतरी बांधलं. एक वेढा जास्त, टोक उलट्या बाजूनं बाहेर. मी सांगायला तोंड उघडलं.

"आधी वढून बघा," ती म्हणाली. "मग बोला."

मी पिन काढली, नाकाला पाय लावला आणि सगळ्या जोरानं नांगर ओढला. नांगर सूतभर हलला नाही. परत ओढला. नाहीच.

तशी गाठ कुठल्याही पुस्तकात नाही आणि दिसायलाही वाईट आहे. मला ती पसंत नाही. हात लावलेला नाही.